इंग्रजी शिकायला क्लास की चॅटबॉट? इतवाऱ्यातल्या एका घरचा हिशेब

बऱ्हाणपूर, इतवारा : परीक्षा संपल्या की आमच्या भागात दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, उसाच्या रसाच्या गाड्या. दुसरी, विजेच्या खांबांवर चिकटवलेले स्पोकन इंग्लिशच्या उन्हाळी बॅचचे कागद. या वर्षी रसाच्या गाड्या आहेत, कागद मात्र कमी दिसताहेत. आमच्या गल्लीच्या टोकाला जिन्याखालच्या खोलीत एक सर कित्येक वर्षांपासून संध्याकाळी इंग्रजी शिकवतात. त्यांच्या दोन बॅच व्हायच्या. आता एकच होते, तीही भरता भरत नाही. का म्हणून विचारलं, तर त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढून माझ्यापुढं धरला. दुसरं उत्तर दिलं नाही.

हा विषय बातमी म्हणून मी कधीतरी केलाच असता, पण त्याआधी तो आमच्याच घरात आला. माझा पुतण्या आता अकरावीत जाणार. हिंदी मीडियम, कॉमर्स. त्याचं म्हणणं, "काका, क्लास कशाला? फोनमध्ये आहे ना मास्तर. फुकट आहे, रात्री बाराला पण शिकवतो." दादा केळीच्या आडतीवर हिशेब लिहितो. त्याचं म्हणणं, फुकटातलं शिक्षण फुकटातच जातं. वहिनीला एवढंच कळतं, की पोरगं फोन घेऊन गच्चीवर बसलं की तो अभ्यास आहे का दुसरं काही, हे खालून दिसत नाही. शेवटी दादा म्हणाला, "तू पेपरवाला आहेस, तूच बघ आणि सांग." आम्ही पोर्टलवाले झालो तरी घरच्यांसाठी पेपरवालेच.

मग मी तीन आठवडे दोन्ही पाहिलं. संध्याकाळी पुतण्याबरोबर फोनवर तासभर, आणि अधूनमधून सरांच्या वर्गात मागच्या बाकावर. कुठल्या कंपनीचा बॉट वापरला ते लिहीत नाही. दोन-तीन वापरले, आमच्या कामापुरते सगळे थोड्याफार फरकानं सारखेच वाटले.

आधी हे आलं कसं ते बघू. चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं ३० नोव्हेंबर २०२२ ला. तेव्हा बऱ्हाणपुरात फार कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. आपल्याकडं खरा फरक पडला तो जून २०२४ मध्ये. त्या एकाच महिन्यात व्हॉट्सॲपमध्ये मेटा एआयचा निळा गोल भारतात दिसायला लागला, आणि गुगलच्या जेमिनीचं ॲप मराठीसह नऊ भारतीय भाषांत आलं. व्हॉट्सॲप म्हणजे घरोघरी. त्यानंतर फुकटाचा पूर आला. जुलै २०२५ मध्ये एअरटेलनं पर्प्लेक्सिटी वर्षभर फुकट दिलं. ऑक्टोबरच्या शेवटी जिओनं जेमिनी प्रो दीड वर्षासाठी जाहीर केलं, तेही आधी १८ ते २५ वयाच्या पोरांना. ४ नोव्हेंबर २०२५ पासून चॅटजीपीटीचा ३९९ रुपये महिन्याचा प्लॅन भारतात एक वर्ष बिनपैशाचा झाला. त्यामुळं पोरांनी हे वापरावं का, असं विचारण्याची वेळ गेली. ते वापरतातच. त्यांना त्यातून इंग्रजी येतंय का, एवढंच आता बघायचं.

बऱ्हाणपूरला परकी भाषा नवी नाही हो. ज्या गावात अब्दुल रहीम खानखाना राहिला, ज्यानं बाबराच्या आठवणी तुर्कीतून फारसीत आणल्या, त्या गावाला भाषांतराचं काय कौतुक? आणि इंग्रजांचं म्हणाल तर नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो अजमेरला जहांगीराकडं जाताना इथं थांबला आणि शहजादा परवेझला भेटला. बोलणं दुभाष्यामार्फत. रोनं पाठवलेल्या दारूच्या बाटल्या शहजाद्यानं लगेच उघडल्यामुळं पुढची खासगी भेट झालीच नाही, ती गोष्ट वेगळी. पण रोच्या रोजनिशीत धड दुभाषी मिळत नसल्याची कुरकूर पुढं बराच काळ चालू राहते. आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून गेलं की किती पोचलं हे कळत नाही, ही त्याची अडचण. चारशे वर्षांनी आमच्या पुतण्याची अडचण बरीचशी तीच आहे, ते पुढं येईलच.

मराठी माणसाच्या दोन-तीन पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. आमच्या वेळेला रॅपिडेक्सचं जाडजूड पुस्तक होतं, कपिल देवची जाहिरात असलेलं. आमच्या घरी ते हिंदीतलं होतं, कारण बऱ्हाणपूरच्या दुकानात तेच मिळायचं. मी ते जवळजवळ पाठ केलं. बी.कॉम.ला व्यापारी पत्रव्यवहाराचा पेपर होता, त्यात 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' पासून 'युवर्स फेथफुली' पर्यंत पानभर पत्र एका दमात लिहून यायचो. पण भुसावळला एका कंपनीच्या मुलाखतीत साहेबानं 'टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ' म्हटलं आणि माझं तोंड उघडलंच नाही. शाळेत एकदा 'शी' च्या जागी 'ही' म्हणालो होतो. सर हसले, मग वर्ग हसला. ते हसू त्या मुलाखतीपर्यंत माझ्याबरोबर भुसावळला आलं होतं. शाळेचं नाव कशाला घ्यायचं, त्या काळी सगळीकडं तसंच होतं.

म्हणून पहिली गोष्ट मोकळेपणानं सांगतो. बॉट हसत नाही. पुतण्यानं एकच शंका एका संध्याकाळी मी मोजून अकरा वेळा विचारताना पाहिलं, आणि अकराव्या वेळी पण उत्तर पहिल्यासारखंच आलं. माणसाला हे जमत नाही. सरांनाही जमत नाही. चौथ्या वेळी त्यांचा आवाज चढतो, ते स्वतःच कबूल करतात. ज्या पोराला लाजच खाते त्याच्यासाठी ही केवढी मोठी सोय आहे, हे माझ्यासारख्याला विचारा.

दुसरी गोष्ट सीमाभागातल्या वाचकांना जास्त पटेल. आम्ही मध्य प्रदेशातले मराठी लोक इंग्रजी शिकलो ते हिंदीतून. घरी मराठी, तीही तावडी-खानदेशी वळणाची, शाळेत हिंदी, शेजारच्या गल्लीत उर्दू. इंग्रजी वाक्याचा अर्थ मास्तर हिंदीत सांगणार, तो आम्ही मनात मराठीत करणार. निपाणीकडच्या पोराला कन्नडातून, आदिलाबादच्या पोराला तेलुगूतून हीच कसरत असेल. आणि आता पहिल्यांदाच असा शिक्षक आलाय, ज्याला 'मला मराठीत समजाव' म्हटलं की तो मराठीत समजावतो. सरकारी शाळेत इंग्रजीचा शिक्षक मराठी जाणणारा मिळणं हे सीमेच्या या बाजूला नशिबाचं काम. रावेरच्या पोराला ते सहज मिळतं, आणि रावेर इथून अर्ध्या-पाऊण तासावर. महाराष्ट्रानं इंग्रजी पहिलीपासून सुरू केलं २००० साली. तिथं सध्या वाद आहे तो पहिलीपासून हिंदी असावी का याचा, त्यासाठी काढलेले दोन शासन निर्णय जून २०२५ मध्ये मागेही घ्यावे लागले. आमच्याकडं हिंदीवर वाद नाही, ती हवेतच आहे. आमच्याकडं मराठीतून काही शिकायला मिळणं हीच चैन.

पण ही मराठी कसली येते, तेही ऐका. पुतण्या इंग्रजी अक्षरांत टाइप करतो, अर्धं मराठी, अर्धं हिंदी, जसं बोलतो तसं. बॉट त्याला कधी मराठीत उत्तर देतो, कधी सरळ हिंदीत जातो. आणि मराठीत देतो तेव्हा 'आपण' म्हणतो, 'वाक्यरचनेतील त्रुटी', 'सहायक क्रियापद' वगैरे. पोरानं मला विचारलं, "काका, त्रुटी म्हणजे?" म्हणजे इंग्रजी समजून घ्यायला आधी पुस्तकी मराठी शिकायची वेळ. टॉमस रोचा दुभाषी परत आला तो असा.

'पाहिलंय' ची गोष्ट

आता जिथं माणूस लागतो ती जागा दाखवतो. पुतण्यानं लिहिलं, 'आय हॅव सीन हिम यस्टरडे'. बॉटनं लगेच सुधारलं, 'आय सॉ हिम यस्टरडे', आणि नियम दिला की यस्टरडेसारखी नेमकी गेलेली वेळ आली की हॅव लावायचं नाही. बरोबर आहे. पोरानं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'आय हॅव पेड द फीज लास्ट वीक' लिहिलं. बॉटनं पुन्हा सुधारलं. तितक्याच आनंदानं.

हेच वाक्य मी सरांच्या वर्गात मुद्दाम टाकायला सांगितलं. सरांनी नियम सांगितलाच नाही आधी. ते म्हणाले, "घरी काय म्हणतो तू? काल पाहिलंय मी त्याला. होय ना? तो 'पाहिलंय' तुझ्या इंग्रजीत शिरलाय." आपल्या मराठीत 'काल पाहिलंय' चालतं, हिंदीत 'कल देखा है' चालतं, म्हणून तोंडात आपोआप 'हॅव' येतो. सरांनी पोरांना सांगितलं की वाक्य लिहिलं की आधी 'काल, परवा, गेल्या वर्षी' असा शब्द आहे का बघा, आणि असेल तर 'पाहिलंय' मधला 'य' खोडा, 'पाहिलं' ठेवा, मग इंग्रजी करा. पोरं हसली, पण ती चूक त्या वर्गात मला पुन्हा फारशी ऐकू आली नाही. न्यायानं हेही सांगतो, की नंतर मी बॉटला खोदून विचारलं, मराठी पोरं ही चूक का करतात, तर त्यानंही जवळपास हेच कारण सांगितलं. त्याला ठाऊक होतं. पण विचारायचं हे पोराला ठाऊक नव्हतं. सगळी मेख इथं आहे. ज्याला काय विचारावं ते कळतं त्याला बॉट भरभरून देतो. ज्याला कळत नाही त्याची चूक तो दुरुस्त करून देतो आणि मोकळा होतो.

उच्चारांचं तर सरांनी असं केलंय की मला लिहून ठेवावं वाटलं. आमच्या वर्गात मराठी, हिंदी, उर्दू अशी तिन्ही घरची पोरं. मराठीत आपण 'बॅट' लिहितो, 'व्हॅन' लिहितो. हिंदीत 'बैट', 'वैन'. मराठी लिपीत ॲ ची खूण आहे, व आणि व्ह वेगळे लिहायची सवय आहे. त्यामुळं 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'व्हेस्ट' म्हणजे बनियन हा फरक सर मराठी पोरांकडून फळ्यावर लिहून घेतात. उलट 'झू', 'झिरो' आपण जड 'झ' नं म्हणतो, तिथं उर्दू घरचं पोरगं उभं राहतं. 'ज़रा', 'बाज़ार' मधला आवाज त्याच्या तोंडात लहानपणापासूनच आहे. 'इस्कूल', 'इस्टेशन' म्हणणाऱ्याला मराठी पोरगं 'स्कूल' ऐकवतं. म्हणजे प्रत्येकाच्या घरची भाषा कुणाच्या तरी कामाला येते. इतवाऱ्याची ही रचना ज्याला माहीत आहे त्यालाच हे सुचणार.

फोनवर हेच करून पाहिलं. पुतण्या 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' दोन्ही एकाच 'व' नं म्हणाला. स्क्रीनवर दोन्ही शब्द बरोबर उमटले आणि 'छान उच्चार' असा शेरा आला. कारण असं, की बऱ्याच ॲपांत आधी आवाजाची अक्षरं होतात आणि मग उत्तर तयार होतं. अक्षरं करताना यंत्र वाक्याच्या संदर्भावरून शब्द ओळखतं. 'द सन सेट्स इन द...' म्हटल्यावर पुढं बनियन येणार नाही एवढं त्याला कळतं. म्हणजे आपली चूक ते समजून घेतं, आणि समजून घेतल्यामुळंच सांगत नाही. नवीन प्रकारचे बॉट थेट आवाज ऐकतात, त्यात सुधारणा होईल. आमच्या साध्या फोनवरच्या फुकट प्रकाराची ही गत आहे.

शाबासकीचं पण तसंच. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयनं चॅटजीपीटीचा एक बदल चार-पाच दिवसांत मागं घेतला होता, कारण बॉट जो तो काही बोलेल त्याला 'वा वा' करत सुटला होता. कंपनीनंच ते मान्य केलं. तेव्हापासून बराच आवरलाय म्हणतात, पण स्वभाव पूर्ण गेलेला नाही. पुतण्याचा 'माय व्हिलेज' निबंध मी वाचला, सरळ सांगायचं तर सुमार होता. बॉटनं त्याला सुरुवातीलाच उत्तम म्हटलं आणि मग सतरा दुरुस्त्या केल्या. सरांनी वही बघून फक्त 'परत लिही' म्हटलं. पोराला दोन्हीपैकी काय आवडलं ते सांगायला नको.

परदेशातला अनुभव

हे झालं आमच्या गल्लीतलं. जगात यावर मोजमाप सुरू झालंय, त्यातली दोन उदाहरणं कामाची वाटली.

एक नायजेरियातलं. जागतिक बँकेनं तिथल्या एडो राज्यात, बेनिन सिटीत, २०२४ च्या जून-जुलैत सहा आठवडे प्रयोग केला. शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोन दिवस, दीड दीड तास. दोन पोरांत एक कॉम्प्युटर, त्यावर मायक्रोसॉफ्टचा कोपायलट, विषय मुख्यतः इंग्रजी. चाचणीत या पोरांचे गुण इतरांपेक्षा सुमारे ०.३ प्रमाण विचलनानं जास्त आले. कॉमर्सला स्टॅटिस्टिक्स होतं म्हणून सांगतो : शंभर पोरांच्या रांगेत बरोबर मधे पन्नासाव्या जागी असलेलं पोरगं साधारण बासष्टाव्या जागी सरकलं, असं समजा. सहा आठवड्यांत हे कमी नाही. मुलींना जास्त फायदा झाला, त्या सुरुवातीला मागे होत्या.

आपल्याकडं यावरून 'एआयनं दोन वर्षांचं शिक्षण सहा आठवड्यांत' असे मथळे फिरले. पण त्या खोलीत शिक्षक होता हो. तो विषय द्यायचा, काय विचारायचं ते सुचवायचा, शेवटी पोरांकडून काय शिकलात ते वदवून घ्यायचा. आणि तुलना झाली ती असा जादा वर्ग अजिबात न मिळालेल्या पोरांशी. तेवढेच तास एखाद्या चांगल्या मास्तरानं बॉटशिवाय घेतले असते तर काय झालं असतं, हे त्या प्रयोगातून निघत नाही.

दुसरं तुर्कस्तानातलं, विषय गणित, पण आमच्या घरच्या भांडणाशी नेमका जुळणारा. सुमारे हजार हायस्कूलच्या पोरांना सरावासाठी जीपीटी-४ दिलं. एका गटाला साधं, म्हणजे विचारलं की उत्तर. दुसऱ्याला शिक्षकांच्या सल्ल्यानं आवरलेलं, जे उत्तर न देता इशारे देतं. सरावात दोन्ही गट जोरात, पहिल्याचे गुण ४८ टक्के जास्त, दुसऱ्याचे १२७ टक्के. मग परीक्षेत बॉट काढून घेतला. साध्या बॉटवाली पोरं, ज्यांना काहीच मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्के खाली आली. आवरलेल्या बॉटवाली जवळपास बरोबरीत राहिली. २०२५ मध्ये हे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आलं. आमच्या पुतण्यानं शाळेच्या प्रोजेक्टचं पत्र बॉटकडून लिहून घेतलं होतं, झकास गुण मिळाले. त्या पत्रात 'ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स' असं होतं. अर्थ विचारला तर म्हणाला, "काका, शेवटी लावतात ते."

मला रॅपिडेक्स आणि माझा व्यापारी पत्रव्यवहार आठवला. मी निदान पाठ तरी केलं होतं.

फोन कुणाचा?

आता ज्या मुद्द्यावर मी या तीन आठवड्यांत सगळ्यात जास्त अडकलो, तो. 'फोनवर फुकट शिका' म्हणताना आपण धरून चालतो की फोन पोराच्या हातात आहे. असरच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ८९ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८२ टक्क्यांना तो वापरता येतो. वापरता येणाऱ्यांपैकी मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असं सांगणारे ५७ टक्के, सोशल मीडियासाठी ७६ टक्के. त्याआधी २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांमुलींत स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के होते. मुली १९.८.

हे आकडे खेड्यांचे आहेत, पण आमच्या इतवाऱ्यात फिरलात तर चित्र काही वेगळं दिसणार नाही. एक फोन घरात, तो दिवसा बापाबरोबर लूमच्या कारखान्यात नाहीतर आडतीवर. रात्री आला की आधी भाऊ. बहिणीच्या हातात फोन येईपर्यंत घर झोपायला निघालेलं, आणि रात्री अकराला मुलगी फोनशी इंग्रजीत बोलतेय हे ऐकून झोपू देणारी घरं किती? बॉटशी बोलताना आवाज काढावा लागतो. वन-रूमच्या घरात आवाज काढणं ही साधी गोष्ट नाही.

सरांच्या वर्गात निम्म्याच्या आसपास मुली आहेत. क्लास ही त्यांच्यासाठी इंग्रजीपेक्षा जास्त काहीतरी आहे. संध्याकाळी तासभर घराबाहेर पडायचं घरच्यांना मान्य असलेलं कारण. तिथं त्या उभ्या राहून मोठ्यानं बोलतात, आणि ऐकणाऱ्यांत मुलगे असतात. पुढं जळगावला, इंदूरला मुलाखतीला बसायचं तर हाच सराव लागतो. क्लास बंद पडला तर मुलग्यांना फोन आहे. मुलींचं काय, याचं उत्तर दादाकडं नाही, सरांकडं नाही, माझ्याकडंही नाही.

पण उलट बाजूही पाहिलीय. आमच्या ओळखीच्या एका घरात सूनबाईंना बाहेर क्लासला जायची मुभा नाही, जायचं वयही नाही असं घरचे म्हणतात. त्या दुपारी, पुरुष मंडळी बाहेर असताना, पोराच्या जुन्या फोनवर बॉटशी इंग्रजी वाचतात. पोराच्या शाळेतून येणारे मेसेज त्यांना आता कळतात. त्यांच्यापुढं 'माणूस की यंत्र' असा पर्याय नव्हताच कधी. यंत्र किंवा काहीच नाही, एवढंच होतं.

आता पैशाचं. कॉमर्सवाला असल्यामुळं हे मला जरा जास्त खुपतं. समजा एखाद्या क्लासमध्ये २० पोरं, फी महिन्याला ८००. झाले १६,०००. खोलीभाडं, वीज, झेरॉक्स मिळून ६,००० गेले, सरांना उरले १०,०००. आता बॉटमुळं आठ पोरं गेली. जमा झाली ९,६००, खर्च तोच ६,०००, हातात ३,६००. पोरं चाळीस टक्के कमी झाली, कमाई चौसष्ट टक्के. एवढ्यावर कोण संध्याकाळ घालवेल? क्लास हळूहळू लहान होत नसतो, एक दिवस कुलूप लागतं. आणि मग ज्या बारांना क्लासच हवा होता, त्यांचाही जातो. आठ घरांनी आपापल्या परीनं शहाणपणाचाच निर्णय घेतलेला असतो.

दुसऱ्या बाजूचा हिशेब. ज्यांनी गेल्या नोव्हेंबरात फुकटचा प्लॅन घेतला त्यांचं वर्ष येत्या नोव्हेंबरात संपतं. ३९९ च्या दरानं वर्षाचे ४,७८८ रुपये. पूर्ण फुकटचा साधा प्रकार राहीलच, पण पोराला सवय लागलेली असते चांगल्या प्रकाराची. जिओनंही आधी सिम असंच दिलं होतं, २०१६ मध्ये. तेव्हा आम्ही सगळ्यांनी घेतलं, मीही. आज रिचार्जचे दर बघून कोण काय करतोय? क्लासवाल्या सरांना मात्र फी वाढवायला दहा वेळा विचार करावा लागतो, कारण पालक रोज किराणा दुकानात भेटतात.

मला सरांचं आवडलं ते हे, की ते बॉटवर चिडलेले नाहीत. चिडायचं वय गेलं असं ते म्हणतात. त्यांनी आता वर्गात एक पद्धत सुरू केलीय. रोज घरून बॉटनं दुरुस्त केलेली तीन वाक्यं वहीत लिहून आणायची, हातानं. आधीचं चुकीचं, मग बरोबर. वर्गात उभं राहून आपल्या भाषेत, मराठी, हिंदी, उर्दू कशातही, सांगायचं की का चुकलं. फोन वर्गात आणायचा नाही. ज्याच्या घरी फोन नाही त्यानं शेजारच्याच्या चुका सोडवायच्या. दोन-चारदा बॉटचंच चुकलेलं निघालं, त्या दिवशी वर्गात जल्लोष. नायजेरियात कॉम्प्युटर लावून जे केलं त्याच्या जवळपास जाणारं काहीतरी जिन्याखालच्या खोलीत वहीवर चाललंय. फरक असा, की इथं जागतिक बँक नाही आणि भाडं सरांनाच भरायचंय.

तीन आठवड्यांनी दादाला मी सांगितलं : क्लासला घाल. फोनही राहू दे, पण वहीशिवाय नको. दादा म्हणाला, "म्हणजे खर्च दोन्ही?" मी म्हणालो, फोनचा सध्या नाही. त्यानं एका महिन्याची फी दिली. दोन महिन्यांची सांगितली होती सरांनी, यानं एकाचीच दिली, पुढचं पुढं बघू म्हणाला.

पुतण्या सोमवारपासून जातोय. पहिल्या दिवशी त्यानं 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' म्हटलं आणि मागून दोघं हसले. सरांनी त्या दोघांनाच उभं केलं आणि विचारलं, तुम्ही कसं म्हणाल? दोघांनाही आलं नाही. घरी येऊन पोरगं म्हणालं, "काका, त्यांना पण येत नव्हतं." आणि जेवायच्या आधी वही घेऊन बसलं.